खांडीवर बसलेली मालकीण

घर भाड्याने देण्याआधी भाडेकरूला जेवायला घालणारी मालकीण मी आयुष्यात एकच पाहिली.

आम्ही दोघं माणदेशातले, ज्वारीची माणसं. नवऱ्याची नोकरी मुंबईत विम्याच्या कचेरीत, आणि मला काम मिळालं होतं कामण रस्त्यावरच्या एका गोदामात. दोघांना जमेल अशी खोली शोधत आम्ही वसईच्या खाडीकाठी एका गावात पोचलो. तिथं तिची बैठी चाळ होती आणि चाळीच्या टोकाला तिचं स्वतःचं कौलारू घर. डिपॉझिट किती, नळाला पाणी कधी येतं, असं सगळं विचारायला मी तोंड उघडलं, तर तिने पाट मांडले. ताटात लालसर भाताचा ढीग आणि त्यावर चिंबोरीचं कालवण. हाताच्या पंजाएवढा खेकडा ताटात बघून माझ्या नवऱ्याचा घास अडला. तो नुसता भात चिवडत बसला. मी सकाळपासून उपाशी होते. मी जेवले, आणि भात पुन्हा मागून घेतला. ती समोर एक गुडघा उभा करून बसली होती, माझ्या ताटावर नजर ठेवून.

"तुला खोली दिली," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे बघून, "ह्याला पन ऱ्हाऊ दे तुज्यासंगती."

सत्तरीला टेकलेली, आडव्या हाडाची, काळीसावळी बाई. लुगड्याचा काष्टा गुडघ्याच्या वर खोचलेला आणि पायात गेलेल्या नवऱ्याचे गमबूट. ते तिला दोन बोटं मोठे होते, म्हणून ती आत पेंढा कोंबायची. चालताना बुटांचा फदफद आवाज यायचा आणि तो ऐकून चाळीतली पोरं पत्ते लपवायची. चाळीतली सगळी माणसं तिला काकी म्हणत. मीही काकीच म्हणायचे.

चाळीत नियम एकच. भांडा, रेडिओ मोठ्याने लावा, भाडं उशिरा द्या, ती काही म्हणत नसे. पण शिजलेला भात गटारात टाकायचा नाही. एका नव्या बिऱ्हाडाने एकदा टाकला. काकीने तो गटारातून काढला, केळीच्या पानावर घेतला आणि पाहुण्याला वाढावा तसा त्यांच्या उंबऱ्यावर ठेवला. शेजारी पाण्याचा तांब्याही. त्या घरातली बाई दुपारपर्यंत दार उघडेना. नंतर तिचं आणि काकीचं चांगलं सूत जमलं, ती गोष्ट वेगळी.

घड्याळ तिच्या घरात होतं, पण ते बंद होतं. ती वेळ खाडीच्या पाण्यावर सांगायची; ओहोटीला सुकती म्हणायची. "भरतीला ये", "सुकती लागली का कपडे धू", "पानी मुरलं का मग बोलू." नळ दुरुस्त करायला एक नवा मुलगा आला होता. त्याने विचारलं, "उद्या किती वाजता येऊ?" ती म्हणाली, "पानी चढायच्या आदी." तो बिचारा नळाचं पाणी समजला आणि पहाटेच येऊन बसला. तिथी तिला पाठ असायची, कारण तिथीवर भरती, आणि भरतीवर तिचं सगळं शेत.

हे शेत काय ते सांगायला हवं, कारण त्याशिवाय ती कळायची नाही. चाळीच्या मागे डांबरी रस्ता, रस्त्याच्या पलीकडे खाजणाची सपाट जमीन आणि त्यापुढे खाडी. खाडी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा बांध. तिच्या सासऱ्याच्या आजाच्या वेळी की त्याच्याही आधी, चिखलाचे गोळे एकावर एक थापून माणसांनी तो घातला होता. बांध आहे तोवर समुद्राचं पाणी बाहेर. पावसाचं पाणी आत साचलं, की बांधातली लाकडी झडप ओहोटीला उघडायची आणि ते खाडीत सोडायचं. एवढं करूनही जमिनीत मीठ उरतंच. अशा मातीत दुसरा तांदूळ पिवळा पडतो. तिच्याकडे होता तो राता. लाल, जाड, बुटका, मीठ पचवणारा. बाकीच्यांनी शेती सोडल्यावर त्या सगळ्या खाजणात राता पिकवणारी ती एकटी उरली होती. बी तिच्याच घरात, मातीने सारवलेल्या बांबूच्या कणगीत.

"बाजारात तांदूल मिलतो," ती म्हणायची. "बी नाय मिलत."

दुकानातल्या पांढऱ्या तांदळाला तिने नाव ठेवलं होतं, मुका तांदूळ. "शिजताना वास नाय, आवाज नाय. चुलीवर हाय का नाय कलत नाय." राता शिजायला लागला की खरंच चाळभर वास जायचा, थोडा भाजलेल्या मातीसारखा, थोडा दुधासारखा. सुरुवातीला मला तो उग्र वाटायचा. पेज तर गळ्याखाली उतरेना. मग हळूहळू असं झालं, की गोदामातून दमून आले आणि तो वास आला की पाय आपोआप तिच्या दाराकडे वळायचे.

तिची एक मैत्रीण होती. तुंगारेश्वरच्या डोंगरातल्या पाड्यावरची वारली बाई, वयाने तिच्याएवढीच, अंगाने निम्मी. पाऊस सुरू झाला की ती डोक्यावर टोपली घेऊन उतरायची. टोपलीत जंगलातली शेवळं, आणि ती खाजू नयेत म्हणून भाजीत घालायची आंबट काकडं. पुढे करटुली, मग कंद. काकी तिला राता द्यायची आणि सुका बोंबील. दोघी देताना भांडायच्या.

"जास्ती घातलास. मला डोंगर चढायचाय."

"गप. गेल्या टायमाला तू शेवलं किती टाकलीस, मी बोलले?"

"ती जंगलानं दिली. माझी नाहीत."

"मग हा खाडीनं दिला. उचल."

दोघींच्या आयांनीही असंच केलं होतं म्हणे. ती माणसं डोंगरात, ही खाडीवर. एका वर्षी इकडे पिकलं नाही तर तिकडून कंद उतरायचे, आणि तिकडे उपास पडला तर इकडून तांदूळ चढायचा. याला त्या दोघींनी काही नाव दिलेलं मी ऐकलं नाही.

आणखी एक खोड होती. ती माती चाखायची. शेतात गेली की चिमूटभर उचलून जिभेवर ठेवायची, थुंकायची आणि ठरवायची, की यंदा झडप किती दिवस उघडी ठेवून पावसाने जमीन धुवायची. एकदा एक जमिनीचा दलाल आला, कडक इस्त्रीचा, बूट चकचकीत. तो बांधावर उभा राहून स्विमिंग पूल कुठे, गार्डन कुठे, हात करून दाखवत होता. सोबत काकीचा पुतण्या होता. तिच्या मेलेल्या दिराचा मुलगा. सातबारा दोघांचा एकत्र, त्यामुळे तिच्या सहीशिवाय काही हलत नव्हतं. पुतण्याची शेतं पडीकच होती. तो टेम्पोवर विटा-सिमेंट टाकायचा. वाईट नव्हता तो. घरी दोन मुली, टेम्पोचे हप्ते, आणि शेतात लव्हाळं माजलेलं.

काकीने दलालाचं सगळं ऐकून घेतलं. मग वाकून मातीचं ढेकूळ उचललं आणि त्याच्या पुढे धरलं.

"चाख."

"काय?"

"माती. चाख म्हनते."

त्याने पुतण्याकडे पाहिलं. पुतण्या खाडीकडे बघायला लागला. शेवटी दलालाने जिभेचं टोक लावलं.

"खारट आहे."

"तुज्या बिल्डिंगच्या सलीला पन खारटच लागंल. सली गंजते. माजा राता नाय गंजत."

दलाल हसला आणि निघून गेला, पण पुतण्या थांबला. मी जवळच खळ्यावर भात पाखडत होते, म्हणून पुढचं मला ऐकू आलं.

"काकी, तू एकटी किती दिवस करणार? बांध बघायला माणूस नाही. एखाद्या वर्षी सगळं जाईल."

"जाईल तवा बघू."

"तेव्हा तरी सही करशील?"

तिने हातातलं ढेकूळ चुरून शेतात टाकलं. "ज्या साली माज्या शेतात पीक नाय आला, त्या साली करीन. जबान दिली."

मला ते आवडलं नाही. अशी जबान देतं का कोणी? संध्याकाळी मी तिला तसं म्हटलंही. ती म्हणाली, "पोरी, पिकत नसंल तर जमीन माजी कशाला?"

त्याच्या पुढच्याच पावसाळ्यात वसईत पाणी भरलं. रस्ते गेले, वीज गेली, गाड्या बंद. मी ज्या गोदामात काम करत होते तिथं छतापर्यंत बिस्किटं, तेल, आटा, तांदूळ, सगळ्या देशात जायला तयार. पण शटर पाण्यात आणि किल्ल्या भिवंडीला. चाळीत दूध नाही, पाव नाही. जवळचं दुकान पहिल्याच दिवशी रिकामं झालं. माझी मुलगी तेव्हा लहान, तिला भूक आवरायची नाही. काकीने खायच्या तांदळाच्या कणगीचं तोंड फोडलं. आपल्या पडवीत तीन दगडांची चूल मांडली आणि लग्नाचा टोप चढवला. सकाळी पेज, रात्री भात. वर भाजलेला बोंबील, जे खात नाहीत त्यांना कोकमाचं सार. पाणी ओसरेपर्यंत सगळी चाळ त्या एका टोपातून जेवली. माझा नवरा पहिल्यांदा रात्याची पेज प्यायला आणि वाडगा पुढे करून म्हणाला, "काकी, अजून आहे?"

"हाय," ती म्हणाली. "आता कसा बोलायला लागला."

बियाणाच्या कणगीला मात्र तिने हात लावू दिला नाही. ती वेगळी, माळ्यावर. कोणी तिकडे बघितलं तरी तिचा आवाज चढायचा.

आता ती खांडीची गोष्ट.

भाद्रपदातली सर्वपित्री अमावास्या होती आणि रविवार. भात निसवलं होतं, लोंब्या दुधात. काकीच्या घरी त्या दिवशी मोठा स्वयंपाक असे. तिच्या नवऱ्याचं, सासू-सासऱ्यांचं, दिराचं, सगळ्यांचं पान तिथेच वाढलं जाई, आणि पुतण्याही बापाचं पान वाढायला तिच्याकडेच येई. मी आणि चाळीतल्या दोघी-तिघी सकाळीच भाज्या चिरायला गेलो होतो. काकी ओहोटीची वेळ साधून बांधाला फेरी मारायला गेलेली.

ती परत आली ती धावत. मी तिला कधी धावताना पाहिलं नव्हतं. एका पायात गमबूट होता, दुसरा चिखलात राहिलेला.

"खांड पडली," ती म्हणाली.

बांध फुटून भगदाड पडलं की त्याला खांड म्हणतात. खेकड्यांनी आतून पोखरलेली जागा मध्यरात्रीच्या उधाणाने फोडली होती. बैलगाडी जाईल एवढी वाट झाली होती आणि खाडीचं पाणी शेतात येऊन परत गेलं होतं. बाराच्या सुमाराला पुन्हा भरती, आणि अमावास्येची, म्हणजे मोठी.

"एक पानी माजा राता सोसतो," ती धापा टाकत म्हणाली. "दुसऱ्याला मान टाकतो. आनि आता पानी शिरलं तर खांड एवढी ऱ्हायची नाय. मग ती बुजायची पन नाय."

आधीच्या काळी खांड पडली की सगळं गाव धावायचं. आता गावात शेती करणारं कोण होतं? ती दारात उभी राहिली, चाळीकडे पाहिलं आणि एकेक दार वाजवायला लागली. "उठा. खांड पडली. चला माज्यासंगती." काय पडलं, कुठे पडलं, कोणाला कळलं नाही, पण माणसं बाहेर आली. लुंगीवर, बनियनवर, दात घासताना. माझा नवरा हातात वर्तमानपत्र घेऊनच आला.

मी पुतण्याला फोन लावला. खांड पडल्याचं सांगितलं. तो इतका वेळ बोलला नाही, की फोन कटला असं मला वाटलं. मग "बघतो" म्हणाला आणि खरंच कटला. मी काकीला सांगितलं. तिने मान हलवली. "त्याला बोलवू नको. त्याच्या जिवाला कशाला घोर." त्याने नुसतं घरी बसायचं होतं. दुपारची भरती येऊन गेली असती आणि संध्याकाळी सही त्याची.

आम्ही बांधावर गेलो. भगदाडाच्या तळाशी अजून पाणी वाहत होतं. चाळीत जौनपूरचा एक रिक्षावाला राहायचा. तो कडेला उतरून, हाताने चाचपून आला. त्याच्या गावाला नदी होती आणि नदीला बांध. "चाची, मिट्टी डालेंगे तो बह जाएगी," तो म्हणाला. "पहले बांस गाड़ना पड़ेगा. दो लाइन. बीच में पुआल."

"मना ठावा हाय," काकी म्हणाली. "बांबू कुटून आनू?"

तेवढ्यात रस्त्यावरून तिची डोंगरातली मैत्रीण येताना दिसली. पितरांच्या स्वयंपाकाला करटुली आणि काकड्या घेऊन. तिने टोपली खाली ठेवली, बांधाकडे पाहिलं, आणि काही न विचारता म्हणाली, "बांबू पाड्यावर आहे. तोडून ठेवलेला, घरं शाकारायला. पण आणायचा कसा?"

पाड्यावर चालत जाऊन डोक्यावरून बांबू आणेपर्यंत पाणी चढलं असतं.

मग टेम्पोचा आवाज आला.

पुतण्या उतरला. मागे सिमेंटची रिकामी पोती, फावडी, घमेली. त्याने काकीकडे बघितलं नाही. थेट मैत्रिणीकडे आला.

"मावशे, बस पुढं. दाखव कुठं ते."

काकी म्हणाली, "तू कशाला आलास?"

"माझ्या बापाचं पान वाढायचंय तुझ्या घरी आज," तो म्हणाला. "मुका तांदूळ वाढू त्याला?"

तो टेम्पो वळवून गेला, आणि आम्ही कामाला लागलो. काकी बांधावर उभी राहून सांगत होती आणि आम्ही करत होतो. काही जण शेताच्या कडेची चिकण माती कापून तिची ढेकळं करत होते. बायका पेंढ्याच्या पेंड्या वळत होत्या. मी रांगेत उभी होते; एकाकडून चिखलाचा गोळा घ्यायचा, दुसऱ्याकडे द्यायचा. माझ्या पुढे नवरा होता. त्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती आणि वर्तमानपत्र खिशात कोंबलं होतं. चिखलात माझ्या चपला गेल्या. त्या मी शोधल्याही नाहीत.

टेम्पो आला तो बांबूंनी लादलेला, आणि बांबूंवर पाड्यावरचे पाच-सहा जण बसलेले. ते आले आणि कामाला वेग आला. रिक्षावाला आणि ते पाण्यात उतरले, बांबू ठोकायला लागले. एकमेकांची भाषा त्यांना धड कळत नव्हती, पण बांबू सरळ बसला की दोन्हीकडून एकच हुंकार यायचा. दोन ओळी ठोकल्या, मध्ये पेंढा दाबला, त्यावर मातीची पोती, त्यावर चिखलाचे गोळे.

चाळीत मालवणकडचे एक आजोबा होते, टपाल खात्यातून निवृत्त झालेले. गोळे उचलायची ताकद नव्हती. ते मघापासून अस्वस्थ होते. शेवटी म्हणाले, "अगो काकी, गाऱ्हाणा घालूक व्हया. असा कसा काम करतत तुमी?"

"घाला," ती म्हणाली. "पन हात थांबवू नका कोनी."

आजोबांनी टोपी नीट केली आणि खाडीकडे तोंड करून हात जोडले. "बा खाडीच्या राजा, आज ही लेकरां तुझ्या दारात चिखल तुडवीत उभी आसत. कोण खयचो, कोण खयचो, पण सगळ्यांनी ह्याच मातीचा अन्न खाल्ल्यानी. तर काय वाकडा-नाकडा आसात ता भरतीवांगडा भायर काड, आणि ह्या बायचा पीक राख रे महाराजा."

"व्हय महाराजा," मालवणी बिऱ्हाडं ओरडली. पुढच्या हाकेला सगळी रांग ओरडली. जौनपूरवाला पाण्यातून ओरडला. माझा नवरा, जो देवळात जायलाही कंटाळा करतो, तो सर्वांत मोठ्याने ओरडला.

पाणी आलं. आधी खाडीतल्या तिवरांची मुळं बुडाली, मग चिखलपट्टी गेली, मग ते बांधाच्या पायाला लागलं. आम्ही अजून वरचे थर देत होतो. पाणी चढत राहिलं. नव्या मातीच्या एका बाजूला ओल उमटली, मग बारीक धार. कोणीतरी तिथं गोळा दाबला. शेजारून दुसरी धार निघाली. वरची माती हलल्यासारखी वाटली.

"वर वजन पायजे," काकी म्हणाली.

तिने एक पोतं उचललं, खांडीच्या बरोबर मध्यावर अंथरलं आणि त्यावर मांडी घालून बसली. सगळ्या देहाचा भार टाकून.

पुतण्या धावत पुढे आला. "काकी, उठ. गेलं तर तुला घेऊन जाईल."

"गेला तर मना बघायचा नाय," ती म्हणाली. "तू बस इकडं माज्या बाजूला. तुजा पन वजन हाय."

तो बसला. मग तिची मैत्रीण तिच्या दुसऱ्या अंगाला बसली. काकी म्हणाली, "तुजा काय उपयोग, तू तर पेंढ्याची काडी." ती म्हणाली, "गप," आणि सरकून नीट बसली. मग मी बसले. मग चाळीतल्या बायका. त्या ओल्या मातीवर आम्ही दाटीवाटीने बसलो आणि पुरुष दोन्ही बाजूंनी चिखल थापत राहिले. पाणी माझ्या पायांच्या बोटांपर्यंत आलं. काकीने कनवटीची तंबाखू काढली, मळली आणि तोंडात टाकली. खाडीकडे बघत राहिली. समोरच्या माणसाशी शब्दही न बोलता भांडावं, तशी.

पाणी थांबलं. कधी थांबलं ते आम्हाला कळलं नाही, तिला कळलं. "फिरला," ती म्हणाली. आम्ही बघत होतो, काहीच वेगळं दिसत नव्हतं. थोड्या वेळाने एका तिवराच्या बुंध्यावर ओली रेघ दिसायला लागली, पाण्याच्या वर. ती बघून पुतण्याने तोंड ओंजळीत घेतलं आणि तो रडला.

तरीही काकी उठायला तयार नव्हती. पूर्ण ओहोटी लागेपर्यंत उठणार नाही म्हणाली. मग घरी जो काही स्वयंपाक झाला होता तो बायकांनी बांधावरच आणला. भात त्यांनी पाणी फिरल्यावर चढवला, राताच. पुतण्याने केळीच्या पानावर बापाचं पान वाढलं आणि बांधावर ठेवलं. कोणी विचारलं, इथं कावळा येईल का. "भुकेला असंल तर येईल," काकी म्हणाली. खाडीवर कावळ्यांना काय तोटा. पुतण्याचा हात पानावरून निघतो न निघतो तोच कावळे आले, आणि पितरांचं झाल्यावर आम्ही सगळे चिखलाच्या हातांनी जेवलो. हात धुवायला पाणी लांब होतं, आणि कोणाला उठवत नव्हतं.

खालचा पट्टा त्या वर्षी जळाला. रात्रीच्या पाण्यात तो जास्त वेळ बुडाला होता. पण वरची सगळी शेतं तरली. पिवळी झाली, वाकली आणि दिवाळीनंतर कापली. कापायला चाळ गेली होती. पाड्यावरच्या ज्यांनी बांबू दिले त्यांची घरं काकीने पेंढ्याने शाकारून दिली आणि प्रत्येक घरात राता पोचवला. पुतण्याने स्वतःच्या टेम्पोतून नेला.

सहीचा विषय त्याने काढला नाही. पुढच्या ज्येष्ठात तो एका सकाळी आला आणि ओटीवर बसून राहिला. काकीने चहा दिला. तो पिऊन झाला तरी हलेना.

"बोल की," ती म्हणाली.

"बी पाहिजे होतं."

तिने वर माळ्याकडे पाहिलं. मग मला म्हणाली, "पोरी, शिडी धर." एवढ्या वर्षांत त्या माळ्यावर मी पहिल्यांदा चढले. वरून मी पोतं सोडलं, खालून पुतण्याने झेललं. त्याची शेतं त्या वर्षी हिरवी झाली. त्याच्या पुढच्या वर्षी शेजारच्या दोन घरांची. आता दर मोठ्या भरतीआधी बांधावर माणसं फिरतात, आणि त्यात गावातली आहेत तशी चाळीतलीही.

आम्ही पुढे विरारला मनवेलपाड्यात स्वतःचा फ्लॅट घेतला. नवऱ्याची कचेरी तीच, माझं गोदाम सुटलं. पण कापणीला मी जाते. माझी मुलगी आता कॉलेजात आहे. तिच्या मैत्रिणी वजन कमी करायला लाल तांदूळ विकत आणतात, ती त्यांना हसते.

गेल्या कापणीला गेले तेव्हा रस्त्यापासून बांधापर्यंत एकही शेत पडीक नव्हतं. खळ्यावर झोडणी चालली होती. काकी छत्रीखाली बसून झोडणाऱ्यांना शिव्या देत होती, आता बसल्या जागेवरूनच, कारण गुडघे गेलेत. पुतण्याने त्या वर्षी बियाणासाठी नवी, मोठी कणगी विणून घेतली होती, आणि उंदीर शिरू नयेत म्हणून तिला झाकण हवं होतं. तो रस्त्याच्या कडेला गेला. तिथं त्या दलालाने कधीतरी 'जागा विकणे आहे' असा लोखंडी फलक रोवला होता. पुतण्याने तो दोन्ही हातांनी हलवून उपटला, खांद्यावर टाकून आणला, खांब सोडवला आणि अक्षरांची बाजू आत करून कणगीवर ठेवला. बरोबर बसला.

काकीने बोटाच्या सांध्याने त्यावर ठोकून पाहिलं.

"पत्रा बरा हाय," ती म्हणाली. "चला, भरा आता."